पुडक्यावरच्या चार ओळी

सोमारी, गेल्या आठवड्यात छापखान्यातून फोन आला होता. पत्रावळींच्या पुडक्यांची लेबलं संपली आहेत. तीच पुन्हा छापायची की मजकूर बदलायचा, असं ते विचारत होते. मी म्हटलं, सोमवारी कळवते. आज सोमवार. छापखाना अकराला उघडतो. त्याआधी हे लिहून पुरं करायचं मी ठरवलं आहे.

तू गेलीस त्याला महिना होत आला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, मेलेल्या मानसाले कागद काऊन लिवतेस? मले जितेपनी वाचता येत नोहतं, आता का येईन?" तेही खरंच. हे वाचणार आहेत ती माझी नातवंडं, मैत्री आणि अनीश, तिकडे नेदरलँड्सला. फोनवर दिसली की तू त्यांना विचारायचीस, "कारे लेकरंहो, भात भेटते का तिकडं पोटभर?" आणि ती दोघं तुला पाहून हात हलवायची. त्यांची आई त्यांना हे वाचून दाखवेल. पण बोलायचं आहे ते तुझ्याशीच. भांडण तुझ्याशी होतं आणि ते अर्धं राहिलं.

आपली ओळख धानोऱ्याच्या आठवडी बाजारातली. गडचिरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते. विहारात वर्षावासाच्या समाप्तीचं भोजनदान होतं आणि पत्रावळी आणायचं काम माझ्याकडे होतं. तू पळसाच्या पानांच्या पत्रावळींची चवड पुढे घेऊन बसली होतीस. मी पर्समधून फूटपट्टी काढली आणि तीन पत्रावळी मोजल्या. तिन्हींची मापं तीन, आणि तिसरी तर धड गोलही नव्हती.

"या सारख्या का नाहीत?" मी विचारलं.

"झाडाले पानं सारखी हायेत का?" तू म्हणालीस. मग शेजारच्या मिरच्या विकणारीकडे वळून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "हे बाई भात फूटपट्टीनं खाते वाटते."

मी निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. तू आपला डबा उघडलास, त्यातलं पातळ वरण माझ्यासमोर एका पत्रावळीत ओतलंस आणि ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवलीस. "धर," म्हणालीस. मग गप्पा सुरू केल्यास. मी कुठली? सावली गावची. माहेर की सासर? माहेर. वडील काय करत? शाळेत मास्तर. लेकरं किती? एक मुलगी. ती कुठी राह्यते? भर बाजारात, दोन्ही हात पुढे करून, वरणाची पत्रावळ पेलत मी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देत उभी. माझे दोन जुने विद्यार्थी नमस्कार करून गेले, त्यांना मला हातही जोडता आले नाहीत. पुष्कळ वेळानं तू विचारलंस, "गळली?"

"नाही."

"मंग इंच कायले मोजतेस?"

मी दोनशे पत्रावळी घेतल्या आणि फूटपट्टी पर्समध्ये परत ठेवली. टाकून मात्र दिली नाही, हे तू पुढे भेटेल त्याला सांगत राहिलीस.

त्यानंतर काय झालं ते नातवंडांनी अर्धंमुर्धं ऐकलं आहे. थर्माकोलच्या ताटांना कंटाळलेली माणसं शहरांत वाढत होती. त्यांना पानांच्या पत्रावळी हव्या होत्या आणि कुठे मिळतात ते माहीत नव्हतं. तुझ्या गावात बारा बायकांचा बचत गट होता, आणि त्यांना पत्रं कशी लिहायची ते माहीत नव्हतं. मला पत्रांखेरीज दुसरं काही येत नव्हतं. मग माझ्याकडे कागद आणि तुझ्याकडे पान, अशी वाटणी झाली. मी गटाच्या खोलीत भिंतीवर तक्ता लावला: कोणाची मागणी, किती, कधी पाठवायची. तू त्याच भिंतीच्या खिळ्याला दोरी बांधलीस आणि प्रत्येक मागणीची एक गाठ मारलीस. महिनाअखेरीला मी तक्ता वाचायची, तू गाठी मोजायचीस. दोनदा जुळलं नाही. दोन्ही वेळा चूक तक्त्यात निघाली. तू फक्त दोरी जरा जास्त वेळ हातात धरून ठेवलीस.

पानांचे नियम तुझे होते. एका झाडाची सगळी पानं उतरवायची नाहीत. शेंडा सोडायचा. फांदी तोडून पानं आणणारीला त्या आठवड्यात शिवायला बसू द्यायचं नाही, मग ती तुझी सख्खी लेक सुनीता का असेना. सुनीता एकदा तशी बसली होती बाहेर, आठवडाभर, तोंड फुगवून. आज गटाचं सगळं तीच बघते, आणि तोच नियम तुझ्याहून कडक लावते.

एकदा पुण्याहून एक तरुण बाई गट पाहायला आल्या होत्या. पर्यावरणपूरक वस्तूंचं त्यांचं दुकान होतं. फार चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे प्रश्नांची लांब यादी होती आणि मला यादी आवडत असल्यामुळे मी प्रत्येक प्रश्न तुला समजावून सांगत होते. त्यांनी विचारलं, वापरून झालेल्या पत्रावळींची विल्हेवाट लावण्याची तुमची व्यवस्था काय आहे? मी तो प्रश्न तुला सोप्या शब्दांत सांगितला. तू मागे न बघता अंगठ्यानं गोठ्याकडे दाखवलंस. "ते का, उभी हाय." गाय खरोखरच उभी होती आणि रवंथ करत होती. त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्यांच्याच ओळखीतून ती लग्नाची मागणी आली, आणि मी ती चूक केली.

लग्न वैशाखाच्या सुरुवातीला होतं. पळसाला नवी पालवी येऊन मोठी झालेली असते तेव्हा. मी खिडकीतून झाड पाहिलं, तक्ता पाहिला आणि तारीख कबूल करून टाकली. तुला विचारलंच नाही. तुमच्या गावात नवं पान पंडुम झाल्याशिवाय शिवत नाहीत, हे मला ऐकून माहीत होतं. पंडुम म्हणजे नव्याचा सण. आंब्याचा वेगळा, मोहाचा वेगळा, तसा तुमच्याकडे पानाचाही. पण तो कधी करायचा ते कॅलेंडरात नसतं. गावचा भूमिया, म्हणजे पूजेचा मान असलेला म्हातारा, जंगलात फिरून येतो आणि सांगतो. त्या वर्षी त्यानं लग्नानंतरचा दिवस सांगितला.

"तारीख दिली आहे मी," मी म्हटलं.

"तू देल्ली. भूमियानं नाई देल्ली."

"त्यांना एक आठवडा अलीकडे घ्यायला सांग ना."

"तू तुह्या लग्नवाल्याले आठवडाभर पलीकडं घ्याले सांग."

माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकदाही निकाल उशिरा लावला नव्हता. त्या रात्री मी नवरीच्या आईला इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या पत्रावळी आहेत तेवढ्या पाठवते, उरलेल्या पाठवू शकत नाही, आणि का पाठवू शकत नाही हे सगळं लिहिलं. मागणी गेली असं धरूनच चालले होते. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं: आहेत तेवढ्या पाठवा, मोठ्यांना त्यात वाढू, आम्ही घरचे स्टीलच्या ताटात जेवू. आणि लग्नात त्यांनी माझं पत्र पाहुण्यांना वाचून दाखवलं. त्यानंतर त्या मांडवातल्या माणसांकडूनच इतक्या मागण्या आल्या की तुझ्या दोरीला गाठ मारायला जागा उरली नाही.

तेव्हा मला वाटलं, हे पत्रच आपलं लेबल. मी त्याच्या चार ओळी केल्या. नातवंडांसाठी इथे उतरवते:

"या पत्रावळींची पानं गावाच्या पंडुमनंतरच शिवली जातात. नवं पान आधी देवाला अर्पण केलं जातं. तोवर गावातली कोणतीही स्त्री त्याला हात लावत नाही. प्रत्येक पत्रावळीत जंगलाचा आशीर्वाद आहे."

चौथी ओळ एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधात आली असती तर मी लाल शाईनं खोडली असती. स्वतःची म्हणून ठेवली.

सुनीतानं तुला त्या चार ओळी वाचून दाखवल्या तेव्हा मी समोर बसले होते, शाबासकीची वाट पाहत. तू काडी पानात खुपसलीस आणि तशीच सोडून दिलीस.

"हे काऊन लिवलं?"

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"खरं हाय म्हनून का सबन्याले सांगाचं? देव का साबन हाय का, पुडक्यावर लावाले?"

मी समजावू लागले. लोकांना कळलं पाहिजे, यात मान आहे, तुमच्या रीतीचा आदर वाढतो. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुमच्या विहारातली मूर्ती लावतेस का तांदळाच्या पोत्यावर?"

माझे वडील असते तर त्यांनीही मला हेच विचारलं असतं.

"मी नाई मनत का लपव," तू म्हणालीस. "घरच्याले सांग. तुह्या त्या लेकराइले सांग. जो इथी येऊन बसन त्याले सांग. बाजाराले काऊन?"

तू बरोबर होतीस हे मला तिथेच कळलं होतं. पण दोन हजार लेबलं छापून झाली होती. मी म्हटलं, एवढी संपू दे, पुढच्या खेपेला काढते. पुढची खेप आली तेव्हा दिवाळीची घाई होती. त्यापुढची आली तेव्हा कोणीतरी ती लेबलं फ्रिजवर चिकटवल्याचा फोटो पाठवला होता आणि गटात आठ नव्या बायका आल्या होत्या. तिसऱ्या खेपेला मी तुला सांगितलंच नाही की खेप आली. तूही विचारलं नाहीस. पण माझ्या हातून चहा घेताना तू पुडक्यांच्या चवडीकडे पाठ करून बसायचीस, आणि ते मला दिसत होतं.

दरवर्षी तू मला पंडुमला बोलवायचीस. दरवर्षी माझ्याकडे कारण असायचं. खरं कारण हे की देवधर्माच्या जागी मला अवघडल्यासारखं होतं. आमच्या घरात ते माझ्या वडिलांच्या तरुणपणीच संपलं. गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, "पाया पडाले नाई बोलवत बाई, जेवाले बोलावतो." मग आले.

आल्या आल्या कळलं की माझी तिसरी ओळ खोटी आहे. सकाळपासून सगळ्या बायकांचे हात पानांतच होते. पानं आणणं, पुसणं, चवड लावणं, सगळं चाललं होतं. फक्त शिवणं थांबलेलं होतं. भूमियाचं आटोपलं आणि एकदम सगळ्या शिवायला बसल्या. तू सगळ्यांच्या आधी उठलीस, तुझी पहिली पत्रावळ घेऊन सरळ माझ्यासमोर आलीस आणि ती माझ्या हातांवर ठेवलीस. सगळं गाव बघत होतं.

मला भरून आलं. आणि सोमारी, मी भाषण केलं. उभी राहून, पाहुणीचा केवढा मान केलात, मी कशी ऋणी आहे, वगैरे. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. मला वाटलं, माझ्या शहरी बोलण्याला हसतात. तू दोन्ही हात कमरेवर ठेवून माझं भाषण पुरं होईपर्यंत उभी राहिलीस. मग म्हणालीस, "बसा मॅडम, भात थंडा होऊन राह्यला." मला मॅडम तू त्या एकदाच म्हणालीस. मी ती पत्रावळ जपून वर्तमानपत्रात गुंडाळली, दुसऱ्या पत्रावळीत जेवले, आणि तुझी घरी आणून पुस्तकांच्या फळीवर ठेवली.

त्यानंतर वर्षभर फोन ठेवताना तू एकच विचारायचीस: "बाई, पत्रावळ शिवता येते का तुले आता?" मी म्हणायची, "कुठून येणार, माझी बोटं खडूची." तू हसायचीस. शेवटच्या वेळी दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा तेच विचारलंस. मी म्हटलं, "बरी हो, मग शिकव." तू म्हणालीस, "सोपं हाय, गाढवाले बी येते." ते आपलं शेवटचं बोलणं.

छापखान्याचा फोन आल्यावर मी सुनीताकडे गेले. म्हटलं, त्या ओळी काढायच्या. ती म्हणाली, नाही काढायच्या. "त्या वाचूनच लोक माल मागून राह्यले, बाई. आता वीस घरं हायेत गटात. ओळी काढल्या अन् गिऱ्हाईक गेलं, तं त्या वीस जनीले तुमी सांगान का मी?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ आवाज चढवून बोललो. मी म्हटलं, तुझ्या आईला त्या नको होत्या.

"मले ठावं हाय," सुनीता म्हणाली. "मायनं तं तुमाले पयली पत्रावळ देल्ली होती. तुमी भाषन ठोकलं."

मग तिनं मला सांगितलं. तुमच्या गावात पंडुमला शिवलेली पहिली पत्रावळ वर्षभरात ज्याच्याशी भांडण झालं त्याला द्यायची. त्यानं तिथेच आपली एक शिवून परत द्यायची. मग दोघांनी एकमेकांच्या पत्रावळीत शेजारी बसून जेवायचं. जेवलं की ते भांडण पुढच्या वर्षात न्यायचं नाही.

तू साऱ्या गावादेखत माझ्याशी भांडण मिटवायला आली होतीस आणि मी आभार मानले. वर्षभर तू फोनवर परतीची पत्रावळ मागत होतीस आणि मी खडूच्या बोटांचा विनोद करत होते.

मागचे चार दिवस मी घरी शिवणं शिकले. नवं पान चालणार नव्हतं, म्हणून सुनीतानं गेल्या वर्षीची वाळली पानं दिली. त्यांवर पाणी शिंपडलं की मऊ होतात. व्हिडिओ कॉलवर मैत्रीनं विचारलं, "आजी, तू पानांना टाके घालतेयस?" अनीश म्हणाला, त्यांच्याकडे दुकानात अशी ताटं मिळतात, यंत्रानं दाबलेली, सगळी सारखी. मी म्हटलं, माझ्याकडे दोन झाल्या आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. गाढवाला येतं ते मला चौथ्या दिवशी आलं.

काल तुमचा पंडुम झाला. शिवायची वेळ झाली तशी मी बायकांत बसले. सगळ्यांत शेवटी उठले. माझी पत्रावळ एका बाजूनं होडीसारखी दिसत होती. मी ती सुनीताच्या हातांवर ठेवली. या खेपेला कोणी हसलं नाही. म्हणजे, ती पत्रावळ नीट बघेपर्यंत कोणी हसलं नाही.

सुनीताची पहिली पत्रावळ हातात तयारच होती. कोणासाठी ते तिनं सांगितलं नाही, पण ती माझ्याकडेच निघाली होती. मी म्हटलं, "तुझी राहू दे, जेवायला मी तुझ्या आईचीच घेते." आणि पिशवीतून वर्षभर वर्तमानपत्रात राहिलेली तुझी पत्रावळ काढली. तिच्यावर पाणी शिंपडलं. सुनीतानं आपली भूमियासमोर सरकवली आणि माझ्याजवळ बसली.

वरण वाढल्याबरोबर तिच्यापुढची, मी शिवलेली, गळायला लागली.

"बाई, गळून राह्यली," सुनीता म्हणाली.

"मग लवकर जेव."

ती भराभर जेवू लागली. एका हातानं खालून पत्रावळ धरलेली, कोपरापर्यंत वरण. अर्धा भात संपल्यावर तिनं मान वर न करता म्हटलं, "काढा त्या ओळी. पन जागा रिकामी नोको. कायतरी लिवा तिथी. गिऱ्हाइकाले वाचाले लागते."

"काय लिहू?"

आम्ही दोघींनी एकदमच गोठ्याकडे पाहिलं.

म्हणून आज छापखान्याला सांगणार आहे की चार ओळींच्या जागी आता एकच: "जेवन झालं का गाईले टाका." त्याखाली गावाचं नाव. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांनी काय करायचं, असं कोणीतरी लिहून विचारणारच. त्या पत्राला मी उत्तर देईन. एखादं गिऱ्हाईक कमी होईल. झालं तर वीस घरांत मी स्वतः जाऊन सांगेन, असं सुनीताला कबूल केलं आहे.

नातवंडं विचारतील, आजी, ती सोमारीआजीची पत्रावळ कुठे आहे, कॅमेऱ्यासमोर धर ना. धरण्यासारखं काही राहिलेलं नाही. वर्षभराची जुनी, पण वरणाचा एक थेंब खाली आला नाही, सोमारी. मी पोटभर जेवले, उठले, आणि लेबलावर लिहायचं ठरलंय तेच केलं.